सफरचंदावरची कोकिळा

“शब्द बदलणार नाही. वाटलं तर नवरदेव बदला,” असं ग्रोझदा म्हणायची आणि लोक हसायचे. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या सहा गावांत तिच्या गाण्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नसे. गाण्यात नवरदेव म्हणजे ससाणा, होकार म्हणजे सफरचंद. मेलेल्याच्या मागे रडणारी बाई म्हणजे कोकिळा. लग्नघरात कोकिळेचं नाव कुणी चुकूनही काढत नसे.

लेपोसावाच्या लग्नाला पलीकडच्या अंगाचं वऱ्हाड आलं. अंगणातल्या उंच काठीवर सफरचंद खोचलेलं. ते पाडल्याशिवाय नवरी मिळत नाही. नवरदेवाने बंदूक डाव्या खांद्याला लावली, एका गोळीत सफरचंद खाली आणलं, आणि ग्रोझदाला तो खांदा आठवला. तीन वर्षांपूर्वी ह्यानेच असं पाडलं होतं. तेव्हाही तीच गायली होती.

ती नवरदेवाच्या बापाजवळ गेली.

“व्हुकादिन, पहिली सून कुठाय?”

“गेली बिचारी. गेल्या थंडीत, तापाने.”

“ह्या पोरीला सांगितलंत?”

“बिजवर म्हटल्यावर पोरगी कशाला उभी राहतेय? तू आपला ससाणा गा, म्हातारे.” त्याने मानाचं भरतकामाचं वस्त्र तिच्या खांद्यावर टाकलं. “नाहीतर आमच्या चार गावांत तुला कोण विचारतंय ते बघू.”

सहातली चार गावं त्याच्या बाजूची. उरलेल्या दोन गावांत वर्षाला एखादं लग्न.

दारात नवरी आली. डोक्यावर तुळशीचा मुकुट, हातात नवरदेवाने नुकतंच पाडून दिलेलं सफरचंद. ग्रोझदाने कानावर हात ठेवला, आवाज वर चढवला आणि सफरचंदाच्या झाडावर बसून रडणारी कोकिळा गायली. शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश.



“मावशी, ही कोकिळा कुणासाठी?” लेपोसावाने विचारलं.

“त्याला विचार, पोरी.”

नवरदेव बुटांकडे बघत राहिला. “मिलुंकासाठी,” तो म्हणाला. “माझ्या बायकोसाठी.”

लेपोसावाने सफरचंद त्याच्या हातात परत ठेवलं.

“आता येऊन दाखव आमच्याकडे गायला,” व्हुकादिन म्हणाला.

“बोलावलंस तर येईन. शब्द हेच असतील.”

ग्रोझदाने वस्त्र घडी करून फाटकावर टाकलं आणि आलुबुखारांच्या बागेकडची वाट धरली. ताठ, काठीशिवाय. दारात दोघं उभी होती, ती मुकुटासह, तो सफरचंद धरून. वळणाआड ग्रोझदाच्या डोक्यावरचा काळा रुमाल दिसेनासा होईपर्यंत दोघंही तिच्याकडेच बघत होती.