मोटर बसली

औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात पाण्याच्या मोटरींच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम मी चौदा वर्षं करतेय. पूर्वी तक्रार मी लिहायची, मेकॅनिकला कळवायची, विषय संपला. मग ही हुशार यंत्रणा आली. ती फोन ऐकते, तक्रार स्वतःच लिहिते आणि मेकॅनिक पाठवायचा की नाही तेही ठरवते. माझ्याकडे उरलं काय, तर पडद्यावरची वाक्यं गोड आवाजात वाचायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की गुण कापतात. या वयात गुण!

सिल्लोडकडच्या एका मावशींचा फोन आला. "बाई, मोटर बसली. दोन म्हशी हायत, पाजायला पाणी नाय." मोटर बसली म्हणजे बंद पडली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. यंत्रणेनं लिहिलं, 'मोटर बसवली. ग्राहक समाधानी.' तक्रार बंद.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, सिस्टीम अजून शिकतेय, जरा सांभाळून घ्या." ती शिकतेय आणि शिकवणी आमची चाललीय! दुसऱ्या दिवशी मावशींचा पुन्हा फोन. मी त्यांना पढवायला लागले. "मावशी, 'मोटर बंद पडली आहे' असं म्हणा."

"बंद कशी? बटन तर चालूच हाय. बसलीय ती!"

पुन्हा समाधानी. माझं डोकंच फिरलं. ती बाई लांबून हंडे आणून म्हशींना पाजत होती आणि आमच्या पडद्यावर तिच्या नावापुढे हसरा चेहरा.

तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. सवयीनं तोंडातून पडद्यावरचंच निघालं, "नमस्कार, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपली समस्या थोडक्यात सांगा."

पलीकडे मावशी घरातल्या कुणाला तरी म्हणाल्या, "ठिव गं, मशीन बोलायलंय." फोन कट.

मला रडू येत होतं की राग, सांगता येणार नाही. रागच जास्त. चौदा वर्षं या भागातली माणसं नुसत्या आवाजावरून मला ओळखायची. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला.

"मावशी, ऑफिसातली बाई बोलतेय. मोटर बसली नव्हं?"

"व्हय माय! कव्हाची सांगायले मी. आता कुठं माणूस भेटलं."

आमच्या जुन्या मेकॅनिकला मी परस्परच गाठलं. संध्याकाळपर्यंत म्हशींना पाणी मिळालं. यंत्रणेला याचा पत्ता नाही.

सकाळी ऑफिसच्या नंबरवर मावशींचा आनंदानं फोन आला. मी पडद्यावरचं वाक्य शब्दन् शब्द वाचलं. त्या म्हणाल्या, "बाई, आता तू शिकवलं तसंच बोलते बघ. मोटर बंद पडली व्हती, आता लई झ्याक चालायलीय!"

यंत्रणेनं लगेच लिहिलं, 'मोटर बंद पडली. तातडीची तक्रार. मेकॅनिक रवाना.'

त्या फोनचे मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.