साडूंनी लावलेली बंगई

दुसऱ्या वेल्डरचं काम आमच्या साडूंना पसंत पडलं, असं उदगीरमध्ये कधी घडलंच नाही. माझ्या मेहुणीचे हे यजमान. लग्नाला गेले की नवरानवरीआधी मांडवाचे खांब बघायचे आणि अक्षता टाकता टाकता शेजाऱ्याला सांगायचे, "जोड बगा की, थुंकी लावून चिटकवलाय." एकदा एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला सगळे मान खाली घालून उभे, आणि साडू मान वर करून स्मशानातल्या शेडचं लोखंड निरखत होते. मी कोपर मारलं, तर हळूच म्हणाले, "मेलेल्याचं काय न्हाई हो, जित्याच्या डोस्क्यावर पडंल." स्वतःच्या कामावर मात्र भलता विश्वास. जिना केला की त्यावर उड्या मारून दाखवायचे. देह असा, की गिऱ्हाईकच घाबरून पुरे म्हणायचं.

अशा माणसाने लावलेली बंगई तुटली. एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीत त्यांनी साखळ्यांवर झुलणारी ती बंगई बसवली होती. एका दुपारी कडीचा जोड सुटला आणि तीवर बसलेल्या मास्तरांच्या पत्नी फरशीवर आपटल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण वॉकर काही सुटला नाही. मास्तरांनी लातूरच्या ग्राहक आयोगात दावा लावला.

तारखेच्या आदल्या दिवशी साडू एसटीने आमच्याकडे लातूरला मुक्कामाला यायचे. ताटावर बसून सगळ्यांना दोष देऊन व्हायचा. पोरं उभ्यानं झोके घेत असतील, कडी बाजारची होती, स्लॅबच कच्चा होता. वकीलही हेच मांडणार होते. फक्त दर खेपेला साडूंची एक भाकरी कमी होत गेली.

शेवटच्या सुनावणीला मी सोबत गेलो. मास्तर पत्नीला घेऊन आले. बाहेर बाक होता, पण बाई बसेनात. त्यांनी बाक हाताने दाबून पाहिला, आधी मास्तरांना बसायला लावलं, मग भीतभीत टेकल्या. साडू बघत राहिले.

"बंगई लावली त्या दिवशी लाईट सारखी ये-जा करत होती," ते मला म्हणाले. "जोड पुन्हा मारायचा होता. म्या तसाच सोडला, साडू."

"वकिलांना सांगितलंत?"

"न्हाई. आता सांगतो."

वकिलांनी तोंड उघडायच्या आत साडू उभे राहिले आणि चूक कबूल करून बसले. निकाल अर्थातच विरुद्ध गेला. भरपाईपायी चांगली मशीन विकावी लागली. उरलेल्या जुन्या मशीनवर त्यांनी पहिलं काम केलं ते कुणी न मागितलेलं. बाईंना धरून न्हाणीपर्यंत जाता यावं म्हणून भिंतीला लावायचा एक लांब दांडा.

आम्ही दोघं तो घेऊन मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी फाटकातच थांबवलं, पण आवाज चढवला नाही.

"तुम्ही खरं बोललात, माझा राग गेला," ते म्हणाले. "पण तुमच्या हातचं लोखंड आता हिच्याच्यानं धरवणार नाही."

आतून बाईंनी कोण आलंय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "कुणी नाही."

वाटेत साडू एवढंच म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

परवा मी साडूंच्या दुकानात असताना एका माणसाने आपल्या म्हाताऱ्या वडलांसाठी कोपऱ्यातला तोच दांडा मागितला. साडूंनी त्याला तसाच दुसरा करून द्यायचं कबूल केलं.

"आन् हा?" त्याने विचारलं.

"हा एका बाईंचा हाय," साडू म्हणाले. "नेतील सवडीनं."