मामांनी लावलेल्या तारा

डिसेंबर १९८३, बहारीनमधलं मनामा. हॉस्पिटलच्या खोलीत तिघं: आमच्या शेजारचे बस्त्यावमामा, त्यांची बायको रोझामावशी, मी.

आज गिटारच्या पेटीतून लोखंडाचा वास आला आणि ती दुपार आठवली. मूळ वसईचे मामा इथल्या एका हॉटेलात कंट्री म्युझिक वाजवणाऱ्या बँडमध्ये मांडीवर आडवी गिटार घेऊन तारांवर पोलादी कांडी फिरवायचे. सूर माणसासारखा कण्हायचा. त्या दुपारपर्यंत पक्षाघाताने त्यांचा डावा हात गेला होता. पलंगावरच गिटार मांडीवर घेऊन त्यांनी कांडी मावशींना दिली आणि उजव्या हाताने तार छेडली.

"वर सरक. अजून. बस्स!"

"एवढी वर्षं हात लावू दिला नाही, आता बरी आठवले मी!"

सूर लागला. मला वाटलं, मामा बरे होणार. मावशी मात्र रडत होत्या.

"बाय, मी गेलो की तारा सैल कर, नाहीतर ताणाने गिटारची दांडी वाकेल," मामा मला म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले. मावशी पेटी माझ्याकडे सोडून वसईला परतल्या.

तारा मामांनी लावलेल्या आहेत. सैल करायच्या अजून राहिल्यात.