चावी वेदीपुढे ठेवली तेव्हा

"मामा, तुमची जीप लई जुनी झाली," असं कोणी म्हटलं, की मामा स्टिअरिंगवरचा उजवा हात काढून बोट वर करायचे. "माझी कुठं? मालक वर हाय. मी नुसता कारभारी." बोट वर असेपर्यंत जीप कडेच्या बाभळींकडे सरकत असे. मागे पेशंटला धरून बसलेले आम्ही मनोमन प्रार्थना करत असू, की प्रभू, तुझ्या कारभाऱ्याला दोन्ही हातांनी गाडी चालवू दे.

नातवंडांनो, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा चर्चच्या भिंतीला लागून उभी असलेली ती निळी जीप तुम्ही पाहिली आहे. सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं ते आधी मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. दवाखाना बंद पडल्यावर त्यांनी तिथली जुनी जीप विकत घेतली आणि वेळी-अवेळी आजारी माणसांना नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर बीडला पोहोचवू लागले. डोंगराकडच्या वस्त्यांवर मोठी गाडी जात नाही. मामांची जीप जायची. कोणी डिझेल भरून द्यायचं, कोणी शेंगा आणून द्यायचं, कोणी काहीच नाही.

स्वतःच्या कामाला मात्र त्यांनी ती जीप कधी काढली नाही. बाजाराच्या दिवशी नवरा-बायको एसटीने जात. मामी पिशव्या सांभाळत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या, "दारात गाडी अन् मी एसटीत लोंबकळते! कशाला ठिवलीय हो ही, पूजा करायला?"

"डिझेल जिवासाठी हाय, तुझ्या वांग्यांसाठी न्हाई."

एकदा मामींना सणकून ताप भरला. मामा चावी घेऊन धावले, तर मामी अंथरुणातूनच म्हणाल्या, "आधी तुमच्या मालकाला इचारा." त्या दिवशी मामींना पुढच्या सीटवर बसलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. ताप होता, तरी डोक्यावरचा पदर नीट करून, गल्लीकडे बघत, राणीसारख्या गेल्या.

मग मामांची नजर जाऊ लागली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. एकदा रस्त्यातली म्हैस त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसली. म्हैस वाचली, पेशंटही वाचला. मामांनी जीप भिंतीशी लावली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मुलगा पुण्याला, तो काही परत येणार नव्हता.

त्या वर्षी चर्चमधल्या हंगामाच्या सणाला आम्ही नेहमीप्रमाणे वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, सीताफळं मांडली होती. पाय बांधलेला एक कोंबडा मधूनमधून पाळकांच्या उपदेशात भर घालत होता. अर्पणाच्या गीताला मामा भिंत चाचपत पुढे गेले आणि त्यांनी दोन भोपळ्यांच्या मध्ये जीपची चावी ठेवली.

चर्चची मंडळी गाडी सांभाळेल, एखादा ड्रायव्हर बघेल आणि काम चालू राहील, असं त्यांच्या मनात होतं. पण आमचा रिवाज ते विसरले. वेदीपुढे ठेवलेली वस्तू परत उचलायची नाही. उपासनेनंतर अंगणात तिचा लिलाव होतो, मग ते अंडं असो की बोकड.

पाळकांनी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, चावी परत घ्या. आपण बसून ठरवू."

"दिल्यावर परत कशी घेऊ, पाळकसाहेब?"

लिलावाला गावातले इतर लोकही येतात. आमचे पाटील दरवर्षी बोकडासाठी यायचे. त्या दिवशी त्यांनी जीपवर बोली लावली. त्यांना मळ्यातून चारा आणायला गाडी हवी होती. आमच्या मंडळींनी जमेल तेवढं ताणलं, पण पाटलांपुढे कोण टिकणार? मी मामांच्या शेजारी बसले होते. आता ही जीप आजाऱ्यांऐवजी कडबा वाहणार, हे त्यांना कळत होतं. हातातली टोपी त्यांनी पिळून पिळून तिची दोरी केली. देताना हात मोकळा करणं सोपं असतं. दिल्यानंतर तो मोकळाच ठेवणं किती कठीण, ते मी त्या टोपीत पाहिलं.

बोली संपली. मामा उठले, जीपच्या बॉनेटवर हात फिरवून पाटलांना म्हणाले, "थंडीत लवकर सुरू होत न्हाई ती. शिव्या देऊ नका, जरा थांबा."

पण फोन मामांनाच येत राहिले. एका दुपारी मी त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा डोंगरावरच्या वस्तीवरून फोन आला. एक बाई बाळंतपणात अडली होती. मामांनी क्षणभर विचार केला आणि मला पाटलांचा नंबर लावायला सांगितला.

"पाटील, गाडी काढा."

"मामा, गाडी म्या इकत घेतलीया!"

"बरोबर हाय. पर मालक मी बी नव्हतो, तुमी बी न्हाई. बाई अडलीय."

"गाडीत कडबा भरलाय हो!"

"मग कडब्यावरच निजवा. मऊ हाय."

पाटील गेले. मुलगी झाली. परत आल्यावर चौकात उभे राहून ओरडले, "लिलावात म्या गाडी घेतली का ह्या म्हाताऱ्याची नोकरी?" लोक हसले. मामांनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा फोन लावला. पाटील दर वेळी कुरकुरायचे आणि दर वेळी जायचे. पुढे मामा फोन करणाऱ्यांना सरळ पाटलांचाच नंबर देऊ लागले.

या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. दफनाला सगळं गाव आलं, फक्त पाटील नव्हते. लोक कुजबुजले. पाळकांनी प्रार्थना संपवली, माती पडू लागली, आणि तेवढ्यात जीपचा आवाज आला. पाटील धावत आले. धोतराला कडब्याच्या काड्या चिकटलेल्या, एका बाहीवर रक्ताचा डाग. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. मूठभर माती उचलून खाली वाकले आणि खड्ड्यात बघत म्हणाले, "उशीर झाला, मामा. नेकनूरला पेशंट सोडून आलो."