प्रभाकररावांना एकट्याने जमेना

माझे सासरे प्रभाकरराव आर्वीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले ते फक्त डेपोतून. घरी त्यांची ड्यूटी अजून सुरूच आहे. कुकरची शिट्टी मागेपुढे झाली की विचारतात, "लेट काऊन झाली?" आमच्या दाराशी कुणी गाडी लावू नये म्हणून त्यांनी भर रस्त्यात चुन्याची रेघ मारली आहे. समोरच्या कपडा दुकानातल्या हर्षाताईंची स्कूटी एकदा त्या रेघेच्या आत आली, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मला सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली, तेव्हा बाबा म्हणाले, "वेदश्रीले मी सांभाळतो. मी एकटा पुरे." मला धीर यायच्या ऐवजी धडकीच भरली. वेदश्री चार वर्षांची. दुपारी बालवाडीतून घरी येते. सासूबाई आता नाहीत. नवरा, भूपेंद्र, नागपूरला असतो आणि शनिवारी येतो. पोरीची आबाळ झाली तर मी नोकरी सोडायची, असं आमचं ठरलं होतं. ठरवताना मान हलवली खरी, पण इतकी वर्षं घरी बसल्यावर मिळालेली ती नोकरी मला जिवापाड हवी होती.

"हर्षाताईंना लक्ष ठेवायला सांगू का?" मी भीत भीत विचारलं.

"अख्खा डेपो सांभाळला म्या. एक पोरगी नाई सांभाळनार?"

अख्ख्या डेपोच्या वेण्या घालाव्या लागत नाहीत, हे मी मनातच म्हटलं. दुसऱ्याच दिवशी वेदश्री बालवाडीत गेली तेव्हा तिची एक वेणी वर्ध्याकडे होती आणि एक अमरावतीकडे.

दुपारी मात्र दोघं टीव्हीसमोर बसायचे. वेदश्रीचं एक लाडकं कार्टून आहे. त्यात कासव, खार, हत्तीचं पिल्लू आणि सदा घाईतली एक बदकबाई असतात. रोज त्यांतलं कुणीतरी अडकतं, हाक मारतं, मग बाकीचे धावून येतात आणि सगळे मिळून सोडवतात. शेवटी कासव समजावून सांगतं, की मदत मागायला लाजायचं नाही. बाबांना हा सगळा कारभार अजिबात पटत नसे. "एका ब्रेकडाऊनसाठी इतके जन कोन धाडते?" ते म्हणत. "अन् रोज त्याच खड्ड्यात पडून राह्यले, तर खड्डा बुजवत काऊन नाई?" तरी त्यांनी एकही भाग चुकवला नाही. बदकबाई दिसली नाही तर तिची चौकशी करत.

पुढचं मला हर्षाताईंनी सांगितलं, तेही हसून हसून.

त्या दुपारी वेदश्री बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. तिचा हात पुरावा, पोरीने स्वतःचं स्वतः करावं, म्हणून ती कडी बाबांनीच खाली बसवलेली. लावताना लागली, पण उघडताना घट्ट बसली. बाबांनी दाराला खांदा लावून पाहिला, उलथनं घालून पाहिलं, घामाघूम झाले. पण आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

"थांब बेटा, मी करून राह्यलो ना."

आतली स्वारी बादली पालथी घालून निवांत बसली होती. "आजोबा, एकट्यानं नाई करायचं," ती म्हणाली. "हाक मारायची असते."

"कोनाले मारू?"

"सगळ्यांले."

थोड्या वेळाने तिचाही धीर सुटला आणि ती रडायला लागली. ते मात्र त्यांना सहन झालं नाही. ते घरापुढच्या ओट्यावर धावले, पण गल्लीत हाक कशी मारतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तोंडातून निघालं ते स्टँडवरचंच. "कृपया इकडे लक्ष द्या. आमची वेदश्री बाथरूममध्ये अडकलेली आहे. सर्वांनी त्वरित यावे." आवाज तोच, माइक नसला तरी चौकापर्यंत गेलेला. शेजारचे रूपराव कुठली गाडी लागली म्हणून हातातल्या पिशवीसकट धावत आले. हर्षाताई गिऱ्हाईक टाकून आल्या. त्यांनी दाराबाहेरून पोरीला गप्पांत गुंतवलं. रूपरावांनी शिडी लावली, मागच्या झरोक्याच्या काचा काढल्या आणि आत काठी घालून कडी सरकवली. पोरगी बाहेर आली ती थेट आजोबांच्या गळ्यात पडली. हर्षाताई म्हणाल्या, तिच्यापेक्षा तेच जास्त रडत होते.

मी संध्याकाळी आले तेव्हा काचा अंगणात होत्या आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते. सगळं कळल्यावर, माझी नोकरी गेली, एवढंच मला दिसत होतं. भूपेंद्रला फोन लावायला मोबाइल काढला.

"म्या केला त्याले फोन," बाबा म्हणाले. "चूक माझी होती, असं सांगतलं. मले एकट्याले जमत नाई, हेबी सांगतलं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मग ते काय म्हणाले?"

"तो काय म्हनते! हर्षाबाईच्या घरी जाऊन इचारून आलो मी. दुपारी दोघं मिळून पाहू पोरीले, म्हनाल्या त्या." मग माझ्याकडे न बघताच ते पुढे म्हणाले, "तू नोकरी सोडू नको, नमिता. म्या हात जोडले हर्षाबाईले."