आजारी कोपऱ्यातली मिरची

पिंपळगाव रेणुकाईच्या साळूबाईच्या शेताचा एक कोपरा सूत्रकृमींनी, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म किड्यांनी, पार नासवला होता. तिथं मिरचीच्या मुळांना गाठी धरायच्या आणि झाडं वाळायची.

"तिथं मिरची लावूच नको," नवरा पुंजाराम म्हणाला. साळूबाई हट्टाची. तिनं तिथंच लावली. सगळी रोपं पिवळी पडून गेली, एक मात्र हिरवंगार राहिलं. त्याच्या पिकलेल्या मिरच्या तिनं बियाण्यासाठी तोडल्या आणि झाडच उपटलं.

"अगं, येड लागलं का? एकच तर जगल्तं!"

"मुळं बघितल्याबिगर कसं कळंल, गाठी धरल्या का न्हाई?"

मुळं साफ होती. एकबी गाठ न्हाई.

"मंग हे बियाणं आता चांगल्या रानात लाव."

"बिलकुल न्हाई. चांगल्या रानात कुठलंबी जगंल. त्याच कोपऱ्यात लावणार. आई जगली, आता लेकरं जगतात का बघू."