वाळवणाची दुपार

धुराचा मागमूस नसताना, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारीच माझ्या धाकट्या बहिणीला दम का लागतो? या प्रश्नाचे उत्तर मी शोधू लागलो ते तिच्या सासूबाईंच्या एका टोमण्यामुळे.

बहीण शहराबाहेरच्या कळंब्याला दिली आहे. चैत्रात तिथे गच्चीवर सांडगे, शेवया, मिरच्या यांचे वाळवण पडते; उन्हात ते राखणे आणि उलटणे हे सुनेचे काम. एकदा मी गेलो, तेव्हा ती जिन्यात बसून धापा टाकत होती.

"पावणं, तुमच्या बहिणीचा दमा लई शाणा हाय," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी न्हाय, पावसात न्हाय. गच्चीवर चल म्हटलं की आलाच!"

"मिरचीचा ठसका असंल," मेहुणे म्हणाले.

"आज शेवया हायत की!"

सासूबाईंचे निरीक्षण बिनचूक होते. निष्कर्ष तेवढा क्रूर होता. उत्तर शोधून पुढच्या खेपेला मी समजावून सांगितले. वाहनांच्या धुरातले वायू, पेट्रोलच्या आणि रंगांच्या वाफा यांवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. वारा पडला की साचतो. शहरातला धूर सरकत सरकत कळंब्यापर्यंत येतो, तोवर वाटेतच त्याचा ओझोन झालेला असतो. म्हणून तो सकाळी कमी, दुपारी जास्त. आणि ढग आले की पुन्हा कमी.

"ओझोन? त्यो तर चांगला की! पुस्तकात हाय, पृथ्वीची छत्री," मेहुणे हसले.

छत्री खरीच आहे, पण उंच आकाशातली. तोच वायू नाकाशी आला की श्वासनलिका आतून पोळतात.

पुढच्या चैत्रात वळवाचे ढग लवकर आले, वारे सुटले. बहिणीला दम लागला नाही. "संपलं नाटक," असा घराने निकाल दिला. रस्त्यावरच्या गाड्या तर वाढल्याच होत्या. आभाळाचा उपकार घराने आपल्या शिस्तीच्या नावावर मांडला. त्यानंतरचा उन्हाळा निरभ्र आणि बिनवाऱ्याचा गेला. दम खरा वाटावा म्हणून तिला इस्पितळात दाखल व्हावे लागले. तरीही घराला तो खरा वाटला नाही. वाळवण अजून दुपारीच राखले जाते, आणि राखते तीच. पदराला आता औषधाचा पंप बांधलेला असतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका. उन्हाळ्यातला एक निरभ्र, वारा नसलेला दिवस आणि एक ढगाळ दिवस निवडा. हवेतले प्रदूषण मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचे सकाळचे आणि दुपारचे ओझोनचे आकडे स्वतः ताडून पाहा.